कंसात अडकलेला शब्द

हवामान परिषदेच्या मसुद्यात चौकोनी कंस दिसला की समजावं, इथे भांडण चालू आहे. सगळ्या देशांना मान्य असलेले शब्द मोकळे असतात. एखाद्या देशाने हरकत घेतली की तो शब्द कंसात जातो, आणि शेवटच्या रात्री एक तर कंस पुसला जातो, नाहीतर शब्दच. २०१५ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये स्त्री-पुरुष समानतेचे शब्द असेच कंसात होते. कराराचा हेतू सांगणाऱ्या दुसऱ्या कलमात ते राहावेत म्हणून जगभरातल्या महिला संघटनांनी जिवाचं रान केलं. करार झाला तेव्हा ते शब्द दुसऱ्या कलमातून निघून प्रास्ताविकात जाऊन बसले होते. मुख्य भागात स्त्रियांचा विचार करायला सांगणाऱ्या दोन जागा उरल्या. एक बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याबद्दलच्या सातव्या कलमात, दुसरी क्षमताबांधणीच्या अकराव्या कलमात.

सोसायटीच्या पोटनियमांवरून ज्यांनी कधी वाद घातला आहे, त्यांना प्रास्ताविक आणि कलम यांतला फरक सांगायला नको. करार कोणत्या भावनेने वाचायचा ते प्रास्ताविक सांगतं, काय करायचं ते कलमं सांगतात. आज एखाद्या देशाला 'तुमच्या उत्सर्जन कपातीच्या योजनेत स्त्रिया कुठे आहेत?' असं विचारायचं तर बोट ठेवायला पॅरिस कराराचं कलम सापडत नाही. दुष्काळाशी किंवा पुराशी जुळवून घेण्याच्या योजनेबद्दल विचारायचं तर सापडतं. शब्द कुठे बसला यावर पुढची कित्येक वर्षं अवलंबून राहतात.

तुम्ही महिला संघटनेत काम करत असाल, बचतगटांच्या महासंघाचं पाहत असाल, कायदा किंवा पर्यावरण शिकत असाल, परदेशात राहून तिथल्या गटांबरोबर या विषयात उतरला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. माझं सांगणं एवढंच आहे की भाषणाची तयारी थोडी कमी करा आणि वाक्याची तयारी जास्त करा. वाटाघाटीच्या टेबलावर टिकतं ते एखादंच नेमकं वाक्य. ते योग्य महिन्यात योग्य माणसाच्या हाती पडलेलं असतं आणि त्याच्या मागे कुठल्या तरी गावातली खरी अडचण असते.

आधी थोडा इतिहास, कारण वाटाघाटीत तो पुरावा म्हणून वापरावा लागतो. १९९२ च्या जैवविविधता कराराच्या प्रास्ताविकात स्त्रियांच्या भूमिकेचा उल्लेख आहे, त्यापाठोपाठ आलेल्या वाळवंटीकरणविरोधी करारातही आहे. हवामानाच्या चौकट करारात मात्र स्त्री हा शब्दच नव्हता. १९९५ साली बर्लिनच्या पहिल्या परिषदेच्या अध्यक्षस्थानी अँगेला मर्केल होत्या, तरी कराराच्या भाषेत काही हललं नाही. पहिला ठराव २००१ मध्ये मराकेशला झाला, तोही करारांतर्गत समित्यांवर स्त्रिया किती, एवढ्यापुरता. २०१२ मध्ये दोहाला स्त्री-पुरुष संतुलनाचं उद्दिष्ट ठरलं आणि हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर कायमचा आला. २०१४ मध्ये लिमाला लिंगभावाचा, म्हणजे 'जेंडर'चा, कार्यक्रम ठरला. २०१७ मध्ये फिजीच्या अध्यक्षतेखाली बॉनला पहिला लिंगभाव कृती आराखडा झाला. २०१९ मध्ये माद्रिदला तो पाच वर्षांसाठी विस्तारला, २०२४ मध्ये बाकूला लिमाच्या कार्यक्रमाला दहा वर्षांची मुदतवाढ मिळाली आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ब्राझीलच्या बेलेम शहरात नवा कृती आराखडा मंजूर झाला.

ही गावांची नावं मी मुद्दाम ओळीने दिली आहेत. 'हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे, आपल्या देशाचे प्रश्न वेगळे' असं तुम्हाला कोणीतरी ऐकवेल, दिल्लीत ऐकवेल किंवा जिल्ह्याच्या बैठकीत ऐकवेल. तेव्हा शांतपणे ही यादी वाचून दाखवा. मराकेश, दोहा, लिमा, फिजी, बेलेम. या विषयातले बहुतेक मोठे टप्पे दक्षिणेकडच्या देशांच्या घरात किंवा त्यांच्या अध्यक्षतेखाली गाठले गेले आहेत.

इतिहासातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. सुरुवात मोजदादीपासून झाली आणि मोजदाद अजूनही लागते. २०२४ च्या जानेवारीत बाकूच्या परिषदेची आयोजन समिती जाहीर झाली, तिच्यात २८ सदस्य होते आणि सगळे २८ पुरुष. जगभरातून टीका झाल्यावर काही दिवसांतच १२ स्त्रिया घेतल्या गेल्या. पुढे नोव्हेंबरात त्या परिषदेला आलेल्या ७८ राष्ट्रनेत्यांमध्ये स्त्रिया ८ होत्या. म्हणजे आकडा मोठ्याने उच्चारला की काही दारं उघडतात, हे खरं आहे. पण आत गेल्यावर काय? २०२१ च्या ग्लासगो परिषदेत महासभांमध्ये बोलण्यात गेलेल्या वेळेपैकी ७४ टक्के वेळ पुरुषांनी घेतला, अशी नोंद करार सचिवालयाच्याच अहवालात आहे. शिष्टमंडळात बाई आहे, पण माइक तिच्या साहेबांकडे आहे, हे चित्र आपल्याला ग्रामपंचायतीतून चांगलं ओळखीचं आहे. म्हणून शिष्टमंडळाची यादी पाहताना स्त्रिया किती एवढ्यावर थांबू नका. कोणत्या विषयाची वाटाघाट कोणाकडे आहे ते विचारा. वित्त, कार्बन बाजार, पारदर्शकतेचे नियम या टेबलांवर कोण बसतं? परिषदेला आलेल्यांची यादी सचिवालय जाहीर करतं, ती कोणालाही उतरवून घेता येते. आपल्या शिष्टमंडळाची मोजणी करायला एक दुपार पुरते.

गावातली अडचण, जगाचं वाक्य

आता मुख्य कामाकडे येते. मराठवाड्याचंच उदाहरण घेऊ.

२०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, सोलापूर पट्ट्यात अतिवृष्टी झाली, उभी पिकं पाण्याखाली गेली, ठिकठिकाणी मातीसुद्धा खरवडून गेली. अशा वेळी पंचनामा होतो तो सातबाऱ्यावरच्या नावाने. ते सोयाबीन जिने पेरलं, खुरपलं, तिचं नाव सातबाऱ्यावर नसेल तर मदतीच्या यादीत ती नसते. देशाच्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत वहिती खातेदारांमध्ये स्त्रियांचं प्रमाण सुमारे १४ टक्के होतं. नवऱ्याने आत्महत्या केलेली, टाकलेली, सासरच्यांनी वारसनोंद अडवून ठेवलेली बाई या हिशेबात कुठे बसते, ते मराठवाड्यातल्या एकल महिलांबरोबर काम करणाऱ्या कुठल्याही कार्यकर्तीला विचारा.

ही अडचण जशीच्या तशी परिषदेत सांगितली तर लोक हळहळतील आणि पुढच्या विषयाकडे वळतील. तिचं वाक्य करावं लागतं. मी ते असं करते.

'बायांना मदत मिळत नाही' ही तक्रार झाली. तिच्यावर कोणी ठराव करू शकत नाही. 'मदतीची पात्रता जमिनीच्या मालकीशी बांधलेली आहे' हे कारण झालं. कारण सापडलं की मागणी सुचते, की पात्रता ठरवताना मालकीऐवजी प्रत्यक्ष कसणं आणि उपजीविका पाहावी. आणि मग प्रश्न येतो, हे कुठल्या कागदावर बसेल? हानी आणि नुकसानीसाठी एक स्वतंत्र निधी आहे. तो उभारायचं २०२२ मध्ये शर्म अल शेखला ठरलं आणि २०२३ मध्ये दुबईला तो कार्यान्वित झाला. त्याचं मंडळ पैसा कोणाला, कसा द्यायचा याचे नियम ठरवतं. त्या नियमांत घालण्यासाठी वाक्य असं होईल: 'निधीतून मदत मिळण्याची पात्रता जमीन किंवा मालमत्तेच्या मालकीवर अवलंबून ठेवली जाणार नाही, आणि लाभ मिळालेल्यांची नोंद स्त्री-पुरुष अशी वेगळी ठेवली जाईल.'

या वाक्यात मराठवाडा नाही, सातबारा नाही, सोयाबीन नाही. तरी धाराशिवची बाई त्यात आहे, आणि बांगलादेशातली बटईने शेती करणारी बाई आणि केनियातली बाईही आहे. म्हणूनच त्याला इतर देशांचा पाठिंबा मिळू शकतो. गावाची गोष्ट वाक्याच्या पाठीमागे, पुराव्याच्या पानावर राहू द्या. कोणी 'हे खरंच होतं का?' असं विचारलं की ते पान पुढे करायचं.

अडचणीबरोबर चालणारी रीतही दाखवता आली तर फारच चांगलं, कारण वाटाघाटी करणाऱ्यांना 'हे जमतं' असं दाखवणारी उदाहरणं हवीच असतात. 'सेवा' संघटनेने उन्हात काम करणाऱ्या सदस्यांसाठी उष्णतेचा विमा सुरू केला. २०२४ च्या उन्हाळ्यात राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्रातल्या ५० हजार स्त्रिया त्यात होत्या. ठरलेल्या तापमानाच्या वर पारा गेला की पैसे थेट बाईच्या खात्यात जमा. सातबारा नको, पंचनामा नको, कोणाची शिफारस नको. वरच्या वाक्याला याहून चांगला आधार कुठला?

'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेचं कामही असंच हाताशी ठेवावं. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून ती मराठवाड्यात रुजली. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली तिने बायकांना घरच्या जमिनीतला एखादा एकर स्वतःच्या निर्णयाने कसायला मिळवून दिला. नगदी पिकाऐवजी तिथे कमी पाण्याची धान्यं, कडधान्यं, भाज्या आल्या आणि दुष्काळात घरात खायला उरलं. २०१६ मध्ये मराकेशच्या हवामान परिषदेत या संस्थेच्या कामाचा संयुक्त राष्ट्रांनी गौरव केला. त्या एका एकरात कर्ज नाही, मोठं यंत्र नाही. काय पेरायचं हे ठरवण्याचा हक्क तेवढा हलला.

आकडे जपून

या विषयात एक आकडा गेली कित्येक वर्षं फिरतो आहे. आपत्तीत स्त्रिया मरण्याची शक्यता पुरुषांपेक्षा १४ पट असते, असं तो सांगतो. पत्रकांत, भाषणांत, फलकांवर तुम्हीही तो पाहिला असेल. तो वापरू नका. सीमा अरोरा-जॉन्सन या अभ्यासक बाईंनी २०११ मध्ये एका निबंधात अशा आकड्यांचा माग काढला आणि त्यांच्या मुळाशी फारसा आधार नसल्याचं दाखवून दिलं. समोरच्या शिष्टमंडळात एक जरी तयारीची व्यक्ती असली तर ती याच आकड्याला हात घालेल, आणि मग तुमच्या खऱ्या मुद्द्यावरही शंकेची सावली पडेल.

खरा आधार शोधला तर सापडतो. एरिक नॉयमायर आणि थॉमस प्लुम्पर यांनी २००७ मध्ये १४१ देशांतल्या आपत्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपत्तींमुळे स्त्रियांचं आयुर्मान पुरुषांपेक्षा जास्त घटतं, आणि जिथे स्त्रियांचं सामाजिक-आर्थिक स्थान बरं आहे तिथे हा फरक कमी होतो, असं त्यांना आढळलं. मला हा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. बाईला निसर्गाने दुबळी केलेलं नाही, तिला पोहायला शिकवलं नाही, एकटीने घर सोडून निवाऱ्याला जायची मुभा दिली नाही, धोक्याची सूचना तिच्यापर्यंत पोचवली नाही, हे सगळं बदलता येण्याजोगं आहे. आणि जे बदलता येतं त्यासाठीच ठराव मागता येतो.

त्यामुळे स्वतःचे आकडे स्वतः गोळा करा. एका तालुक्यातल्या पाच गावांत मदतीच्या यादीतली नावं मोजा, स्त्रिया किती ते लिहा, तारीख टाका, कोणी मोजलं ते लिहा. लहान, पण कोणीही पुन्हा मोजून पाहू शकेल असा आकडा दिला तर समोरचा तो ऐकतो.

आणखी एक. 'स्त्रिया' म्हणून एकच साचा मांडू नका. बाकूत मोठा वाद झाला तो स्त्रियांमधल्या वेगळेपणाचा उल्लेख करायचा की नाही यावर. बेलेमच्या वाटेवरही काही देश 'जेंडर' या शब्दाची व्याख्या तळटीप देऊन आवळू पाहत होते. ऊसतोडीला कोयत्यावर जाणारी, पालघरच्या पाड्यावरची, मुंबईत पत्र्याच्या खोलीत शिवणकाम करणारी, आणि समाजाने स्त्री किंवा पुरुष या चौकटीत बसवायला नाकारलेली व्यक्ती, या सगळ्यांवर उन्हाचा आणि पावसाचा मारा एकसारखा होत नाही. हा मुद्दा सोडून देऊन तडजोड करावी असं मला अजिबात वाटत नाही. पण तो मांडायची वाट बदलता येते. मोठा अमूर्त शब्द अडला तर पॅरिस कराराच्या प्रास्ताविकात सगळ्या देशांनी आधीच मान्य केलेली यादी पुढे करा. तिथे आदिवासी समुदाय, स्थानिक समुदाय, स्थलांतरित, मुलं, अपंग व्यक्ती असे उल्लेख आहेत. जे एकदा मान्य केलं ते पुन्हा नाकारणं अवघड जातं.

केव्हा आणि कुठून

मोठी परिषद साधारण नोव्हेंबरात भरते, पण तिथे जे ठरतं त्याचा बराचसा कच्चा मसुदा जूनमध्ये बॉनला तयार होतो. लिंगभावाचा विषय अंमलबजावणीच्या उपसमितीपुढे असतो आणि ती बॉनमध्ये बसते. आपल्याकडे मृगाचा पाऊस सुरू होतो तेव्हा तिकडे वाक्यं कंसात जायला लागलेली असतात. म्हणून तुमचं लेखी निवेदन त्याआधी गेलेलं हवं. सचिवालय वेळोवेळी ठरावीक विषयांवर निवेदनं मागवतं, देशांकडून आणि निरीक्षक संस्थांकडूनही. दोन पानं पुरे. पहिल्या पानावर तुमचं वाक्य, जसंच्या तसं उचलून मसुद्यात घालता येईल असं, आणि दुसऱ्यावर त्यामागचा पुरावा.

निरीक्षक म्हणून जायचं तर मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच जाता येतं. नवी मान्यता मिळवणं वेळखाऊ आहे, त्यापेक्षा आधीच मान्यता असलेल्या भारतीय संस्थेशी बोला. सगळ्या निरीक्षकांचे नऊ गट आहेत. महिला आणि लिंगभाव गट हा त्यांतला एक, त्याला २०११ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. परिषदेच्या काळात हा गट रोज सकाळी एकत्र बसतो, कोणत्या मसुद्यात काय चाललंय ते वाटून घेतो. तिथे गेलात तर तुम्ही एकट्या राहत नाही. प्रवास आणि मुक्कामाचा खर्च मात्र खरंच मोठा आहे, बेलेममध्ये तर राहायच्या जागांचे भाव ऐकून कित्येकांनी बेत रद्द केले. जायला जमलं नाही म्हणून काम थांबत नाही. 'अर्थ निगोशिएशन्स बुलेटिन' रोज परिषदेचा वृत्तांत फुकट देतं. तो घरी बसून वाचणारी आणि आत असलेल्या मैत्रिणीला 'अमुक परिच्छेद बघ' असा निरोप धाडणारी व्यक्ती अनेकदा जास्त उपयोगी पडते.

गावातली कार्यकर्ती परिषदेला नेणार असाल तर मनापासून एक विनंती आहे. तिला व्यासपीठावरच्या छायाचित्रासाठी नेऊ नका. मसुदा तिला आधी मराठीत वाचून दाखवा, तिचं मत घ्या, दुभाषी पूर्ण वेळ तिच्यासोबत ठेवा, बुडालेल्या मजुरीचे पैसे द्या, आणि परतल्यावर तिच्या गावात तिने काय पाहिलं ते तिला सांगू द्या. एवढं जमणार नसेल तर तो खर्च पाच गावांच्या मोजणीवर करणं बरं.

खोलीच्या आत

हवामान कराराच्या परिषदेत मतदान होत नाही. मतदानाचा नियम १९९५ पासून आजवर मान्यच झालेला नाही, त्यामुळे सगळं सहमतीने चालतं. याचा अर्थ असा की एक देशही वाक्य रोखू शकतो. सहमती झाली नाही तर विषय सरळ पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर जातो, कोर्टात तारीख पडावी तसा. म्हणून विरोध करणाऱ्या देशाला सर्वांसमोर लाज वाटेल असं बोलण्यापूर्वी दोनदा विचार करा. त्याच्या प्रतिनिधीशी चहाच्या वेळी बोला, नेमका कोणता शब्द खुपतोय ते विचारा. पुष्कळदा अख्खं वाक्य अडलेलं नसतं, एखादं विशेषण अडलेलं असतं.

शब्दांच्या वजनाची सवय करून घ्यावी लागते. आपल्याकडे शासन निर्णय वाचणाऱ्यांना ही नजर आहेच. 'करण्यात यावे' आणि 'करण्याचा प्रयत्न करावा' यांत काय अंतर आहे ते आपण अनुभवाने शिकलो आहोत. इंग्रजी मसुद्यात तीच उतरंड असते. 'डिसाइड्स' म्हणजे ठरवलं. 'रिक्वेस्ट्स' म्हणजे सांगितलं आहे, करावं लागेल. 'इन्व्हाइट्स' आणि 'एन्करेजेस' इथपर्यंत आलं की ज्याला करायचं तो करेल. तसंच 'जेंडर-सेन्सिटिव्ह' आणि 'जेंडर-रिस्पॉन्सिव्ह' या दोन शब्दांचं. पहिल्यात फरकाची जाण आहे, दुसऱ्यात त्या जाणिवेप्रमाणे काम बदलण्याची अपेक्षा आहे. पॅरिसच्या सातव्या आणि अकराव्या कलमात दुसरा शब्द आहे. नवा मसुदा पहिल्या शब्दावर घसरत असेल तर 'आपण २०१५ मध्येच याच्या पुढे गेलो होतो' एवढं म्हणणं पुष्कळ असतं.

हे वाचून येत नाही, करून येतं. 'वेडो' ही संस्था २००९ पासून विकसनशील देशांतल्या स्त्री प्रतिनिधींना प्रवासासाठी मदत करते आणि परिषदेच्या भाषेचे वर्गही घेते, 'नाइट स्कूल' म्हणून. तसा वर्ग तुम्ही महाविद्यालयात किंवा समाजमंदिरात घेऊ शकता. दहा जणी बसा, प्रत्येकीला एक देश द्या, वरचं मालकीचं वाक्य मध्ये ठेवा आणि तासाभरात सर्वसंमत करून दाखवा. कोण कुठे अडतं, कशाच्या बदल्यात सोडतं, हे त्या तासात जेवढं कळतं तेवढं महिनाभर वाचून कळत नाही.

दिल्लीची वाट, आणि पैशाची

परिषदेत आपल्या देशाची बाजू मांडतं ते पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय. त्याची भूमिका परिषदेला निघण्याच्या बरीच आधी तयार होते. तुमचं पत्र गणपतीच्या आधी पोचलं पाहिजे, दिवाळीत पाठवलेल्या पत्राचा उपयोग नाही. महिला आणि बालविकास मंत्रालयाला प्रत द्या. लिंगभाव विषयासाठी देशांनी नेमलेल्या समन्वयकांची यादी सचिवालयाच्या संकेतस्थळावर असते, ती पाहा. तुमच्या खासदारांना संसदेत प्रश्न विचारायला सांगा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करणं तर आपल्या कार्यकर्त्यांच्या हातचा मळ आहे.

मंत्रालयाशी बोलताना भारताच्या जुन्या मागणीशी तुमची मागणी जोडा. श्रीमंत देशांनी निधी द्यावा, तंत्रज्ञान द्यावं, असं भारत सुरुवातीपासून म्हणत आला आहे. बाकूत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचं उद्दिष्ट ठरलं तेव्हा ते अपुरं असल्याचं भारताने तिथेच ठणकावून सांगितलं. मग कृती आराखड्याच्या अंमलबजावणीसाठीही निधी हवा, ही मागणी त्याच सुरात बसते. पैशाविना आराखडा म्हणजे विकसनशील देशांवर आणखी एक अहवाल लिहिण्याचं ओझं, हा युक्तिवाद अधिकाऱ्यांना पटतो आणि तो खराही आहे.

आणि लिंगभावाच्या एकाच विषयाला चिकटून राहू नका. मला या कामातली ही सर्वांत मोठी चूक वाटते. त्या खोलीत बहुतेक आपल्याच विचाराच्या बाया भेटतात, बरं वाटतं, पण पैसा शेजारच्या खोलीत वाटला जात असतो. कोळशाच्या खाणी आणि औष्णिक केंद्रं बंद होतील तेव्हा कामगारांचं काय, याची चर्चा न्याय्य संक्रमणाच्या टेबलावर होते. चंद्रपूरमधल्या कामगाराच्या नोकरीचा विचार तिथे निघतो, त्या वसाहतीत डबे करून देणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बाईचा आपण काढल्याशिवाय निघत नाही.

पैशाच्या वाटेवर 'ग्रीन क्लायमेट फंड' लक्षात ठेवा. या निधीच्या धोरणाप्रमाणे प्रत्येक प्रकल्प प्रस्तावासोबत स्त्री-पुरुष परिस्थितीचा अभ्यास आणि प्रकल्पाचा लिंगभाव कृती आराखडा जोडावा लागतो, आणि ही कागदपत्रं निधीच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. मुंबईत मुख्यालय असलेली नाबार्ड ही या निधीच्या भारतातल्या मान्यताप्राप्त संस्थांपैकी एक आहे, म्हणजे विचारायला दिल्लीलाही जायला नको. २०१८ मध्ये या निधीने आंध्र प्रदेश, महाराष्ट्र आणि ओडिशा यांच्या किनाऱ्यासाठी ४ कोटी ३४ लाख डॉलरचं अनुदान मंजूर केलं. आपल्याकडे सिंधुदुर्गाचा किनारा त्यात आला. कांदळवनं जपायची आणि त्यांच्या आधाराने खेकडेपालन, कालवं, पर्यटन अशी उपजीविका उभी करायची, असं त्याचं स्वरूप आहे. वेंगुर्ल्यात मांडवीच्या खाडीत बायकांचा बचतगट कांदळवन सफारी चालवतो, होडी वल्हवतो, पाहुण्यांना झाडं ओळखायला शिकवतो. तिथल्या बायकांना या विषयाची ओळख करून द्यावी लागणार नाही.

प्रकल्पाचा तो आराखडा इंग्रजीत आहे. त्यात कोणतं काम, किती स्त्रियांसाठी, कोणत्या वर्षी, किती पैशात आणि जबाबदार कोण, असे रकाने असतात. तेवढी पानं मराठीत करून घ्या आणि बचतगटाच्या पुढच्या मासिक बैठकीत वाचून दाखवा. ज्या रकान्याशी कोणी म्हणेल, 'हे आमच्याकडे झालंच नाही', तो रकाना, ती तारीख आणि तिचं म्हणणं लिहून ठेवा. बॉनच्या निवेदनाचं दुसरं पान तिथून सुरू करता येईल.